एकेरी

"ए ढब्बू, तोंड उघड बघू. मोठं. अजून मोठं! चिमणीला दाणा भरवतेय का मी?"

पडद्याच्या अलीकडे हेडक्लार्क थर्मास हातात घेऊन थबकला. आवाज आयाबाईचा, हे त्याला लगेच कळलं. सगळ्या वॉर्डाला कळेल असाच तो होता. ती बोलतेय कुणाशी, हे कळायला पडदा सरकवावा लागला. आणि सरकवल्यावर जे दिसलं ते खरं मानायला त्याला आणखी थोडा वेळ लागला. खाटेवर पाठीशी उशा लावून, गळ्यात लहान मुलासारखा रुमाल बांधून अण्णा बसले होते. त्याचे वडील.

अण्णा म्हणजे वजनमापे खात्याचे निवृत्त इन्स्पेक्टर. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाचे तराजू आपोआप सरळ होतात, असं व्यापारी म्हणत. उभ्या हयातीत घराबाहेर त्यांना कुणी 'साहेब' सोडून दुसरी हाक मारल्याचं मुलाने ऐकलं नव्हतं. आता लकव्याने उजवी बाजू गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, अंगावरचं मांस असं उतरलेलं की सदऱ्याच्या आत माणूस आहे की हँगर, असा प्रश्न पडावा. आणि या हाडांच्या काडीला ही बाई 'ढब्बू' म्हणत होती.

"बाई, हे कोण आहेत ते माहीत आहे का तुम्हाला?" हेडक्लार्कने विचारलं.

"आहे की! माझा सगळ्यात हट्टी पेशंट." तिने मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही मुलगा वाटतं? वाटतं कसलं, नाकच सांगतंय. बघ रे, लेक आलाय तुझा. आता तरी शहाण्यासारखा खा."

अण्णांनी मुलाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांवर आपटला, सूप हनुवटीवरून ओघळलं. आयाबाईने ते सरळ अंगठ्याने पुसलं आणि अंगठा एप्रनला.

"झालं! साहेब परत आले," ती म्हणाली आणि वाटी उचलून हसत निघून गेली.

शेजारच्या खाटेवर पाय टांगून पडलेला एक बस कंडक्टर होता. तोही हसला. हेडक्लार्कने त्याच्याकडे असं पाहिलं की एखाद्याने उरलेलं हसू खिशात घालावं. कंडक्टरने घातलं नाही.

हेडक्लार्क पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. तिथे त्याला पाठीमागे 'टाचणी' म्हणत. कागद कुठलाही असो, तो त्याला टाचून ठेवायचा. आणि माणूस कुठलाही असो, त्यालाही. माणसांची खाती तो पहिल्या भेटीत उघडायचा आणि बहुधा पहिल्या भेटीतच बंद करायचा. चप्पल फरफटवत चालणारा म्हणजे आळशी. फोनवर मोठ्याने बोलणारा म्हणजे खोटारडा. हा हिशेब पुन्हा तपासायची त्याला कधी गरज वाटली नव्हती, कारण बंद खात्यातली माणसं तक्रार करायला परत येत नाहीत.

आयाबाईचं खातं त्याने त्याच दिवशी उघडलं आणि पुढच्या चार-दोन भेटींत ते भराभर भरत गेलं. ती अण्णांच्या टकलावर टिचकी मारायची. चादर बदलताना "उचल रे ढुंगण, राजा," असं भर वॉर्डात म्हणायची. त्यांनी हात झटकला तर त्या हातावर चापट मारून "लबाडा" म्हणायची. आणि हेडक्लार्क आला की दर वेळी तेच घडायचं: अण्णांची नजर मुलाकडे जायची, चेहरा दगडी व्हायचा, तोंड मिटायचं. मुलाने त्याचा अर्थ लावून टाकला होता. या वयात, या अवस्थेत, पोराच्या देखत हा अपमान; तोंड मिटणार नाही तर काय होणार!

स्वतः तो तिच्याशी 'तुम्ही' असंच बोलत होता. तेही त्याने मनातल्या मनात स्वतःच्या जमेला टाकून ठेवलं होतं.

"त्या आयाबाईविरुद्ध अर्ज लिहिताय?" रात्रीच्या जेवणाची ताटं पुसत बायकोने विचारलं. "अहो, आयाच ती. दिवसभर लोकांचं हगणं-मुतणं काढते. तिला कुठं भाषा शिकवायला निघालात?"

"भाषेचा प्रश्न नाही. पायरीचा प्रश्न आहे."

"अण्णा काही म्हणाले का?"

"ते कशाला म्हणतील? त्यांनी आयुष्यात कधी तक्रार केलीय?"

"मग तुम्ही कशाला करताय?"

पण अर्ज सुरू झाला होता, आणि सुरू झालेला अर्ज अर्धवट सोडणं टाचणीच्या स्वभावात नव्हतं. शिवाय तो झकास उतरत होता. 'रुग्णाचे वय, पूर्वपद व शारीरिक असहायता यांचा यत्किंचितही मुलाहिजा न राखता सदर कर्मचारी रुग्णास एकेरी संबोधते, तसेच त्याच्या शरीरयष्टीवरून उपहासात्मक नावाने हाक मारते.' 'उपहासात्मक' हा शब्द सुचल्यावर तो क्षणभर खुर्चीत मागे टेकून बसला होता.

मेट्रनने अर्ज वाचला, चष्मा काढला आणि आयाबाईला बोलावून घेतलं. हेडक्लार्क समोरच बसला होता. आयाबाई दाराशी उभी राहिली. बाह्या मुडपलेल्या, हात कोपरापर्यंत ओले.

"तू पेशंटला एकेरी बोलतेस?" मेट्रनने विचारलं.

"हो, मॅडम."

"कशासाठी?"

आयाबाईने हेडक्लार्ककडे पाहिलं. तिचं तोंड किंचित उघडलं, ओठावर काहीतरी आलं होतं. मग तिने ते गिळलं.

"जीभच तशी आहे, मॅडम. वळण नाही."

"आणि ढब्बू?"

"चुकलं."

एवढंच. ना रडारड, ना हुज्जत. हेडक्लार्कला जरा हिरमुसल्यासारखंच झालं; उलटतपासणीचे त्याने तयार करून आणलेले प्रश्न वाया गेले. पण निर्दोष माणूस गप्प बसत नाही, असा त्याचा कचेरीतला अनुभव होता. दुसऱ्या दिवसापासून आयाबाई वॉर्डात दिसली नाही. तिची बदली मागच्या धुलाईघरात झाली होती.

तिच्या जागी आलेली आया तरुण होती, नीटनेटकी होती आणि बोलायला मधासारखी होती. हेडक्लार्क आला तेव्हा ती वाटी घेऊन उभीच होती.

"साहेब, आपण थोडं सूप घेता का?"

"नको," अण्णा म्हणाले.

"बरं साहेब. आपल्याला हवं वाटलं की बेल दाबा हं." आणि ती वाटी घेऊन गेली.

किती अदब, हेडक्लार्कच्या मनात आलं. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलंही.

पुढच्या भेटीला पुन्हा तेच. "साहेब, दूध आणू का आपल्यासाठी?" "नको." "बरं साहेब." त्याच्या पुढच्या भेटीला अण्णा 'नको'सुद्धा म्हणाले नाहीत, नुसती मान भिंतीकडे वळवली, आणि तेवढ्यावरच दूध परत गेलं. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. अण्णांचे गाल मात्र आत जात होते. मनगट धरलं तर बोटं एकमेकांवर चढू लागली होती.

"खात का नाहीत हे?" डॉक्टरने त्यालाच विचारलं. "मधे चांगली सुधारणा होती. असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि या वयात एकदा नळी गेली की…" त्याने वाक्य पुरं केलं नाही. डॉक्टर लोक अशी वाक्यं नातेवाइकांवर सोडतात.

हेडक्लार्क खाटेपाशी गेला. "अण्णा, तुम्ही खाल्लं पाहिजे. अण्णा, ऐकताय ना तुम्ही? डॉक्टर म्हणतात, तुम्ही सहकार्य करत नाही."

अण्णांनी डोळे मिटले. बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्याची रदबदली ऐकायची नसली की ते असेच डोळे मिटत.

"सहकार्य!" शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "बापाशी बोलताय का टेंडर काढताय?"

"तुमचा संबंध?"

"माझा कसला संबंध! मी तर तिकीट काढून बसलोय, पाय जुळेपर्यंत." कंडक्टरने कोपरावर रेलून त्याला जवळ बोलावलं. अण्णांना झोप लागल्यासारखी दिसत होती, तरी त्याने आवाज उतरवला. "ती बाई परत आणा. त्याशिवाय म्हातारबा तोंड उघडणार नाहीत."

"कुठली बाई? ती अपमान करणारी?"

"कुणाचा अपमान?" कंडक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. "अहो साहेब, पडद्यापलीकडचं दिसत नसलं तरी ऐकू येतं. तुमचे अण्णा आले ना, तेव्हा ती पण साहेब-साहेबच करत होती. आपण घ्या, आपण बसा. हे घास घेईनात. एक दिवस ती वैतागली. म्हणाली, 'अरे खा की रे बाबा, किती छळशील मला!' आणि तुमचे अण्णा रडायला लागले."

"अण्णा?"

"हुंदके देऊन. ती बिचारी घाबरली. म्हणाली, चुकलं साहेब, तोंडातून गेलं. तर हे म्हणतात, त्या वाकड्या तोंडानं, मला कळायला वेळच लागला, म्हणतात, 'नाही. तसंच बोल. तसं बोलणारं कुणी राहिलं नाही.'"

हेडक्लार्कने वळून अण्णांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"आणि ते ढब्बू! ते काय तिनं पाडलेलं नाव आहे? लहानपणी गुटगुटीत होते म्हणे. आई हाक मारायची. त्यांनीच सांगितलं तिला. त्या दिवशी ती 'ए ढब्बू' म्हणाली आणि म्हातारबांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. मी म्हटलं, मलाही एखादं नाव ठेव बाई, आमच्याकडे पण भूक कमी आहे!"

"मग… मग मेट्रनसमोर ती बोलली का नाही?"

"तुम्ही बसला होतात म्हणे समोर? तुमच्यासमोर काय सांगायचं तिनं? की तुमचे साहेब आयेकडं काय मागत होते? त्यांनी बजावलं होतं तिला: पोराला कळू देऊ नको, तो मला साहेब समजतो."

"तुम्ही तरी मला सांगायचं होतं," हेडक्लार्क म्हणाला. आपला आवाज तक्रारीचा निघाला हे त्यालाही ऐकू आलं.

"तुम्ही विचारलंत कधी? यायचात, माझ्याकडं असं बघायचात जसा मी तुमच्या खिशाला हात घालणार. मी म्हटलं, मरू दे." कंडक्टर पुन्हा पाठीवर पडला आणि छताकडे बघू लागला. "आता बघवत नाही म्हणून बोललो."

हेडक्लार्क वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. तसं बोलणारं कुणी राहिलं नाही. तो एकेक माणूस आठवू लागला. आजी तर त्याच्या जन्माआधीच गेलेली. अण्णांना थोरला भाऊ नव्हता. आई त्यांना 'अहो' म्हणायची. शेवटच्या आजारपणात ग्लानीत असतानाही 'अहो'च म्हणाली होती. खात्यातले लोक, शेजारी, जावई, सून, दुकानदार. मित्र म्हणावेत असे एक-दोघे होते, तेही 'साहेब' म्हणणारे, आणि आता तेही नव्हते. या एवढ्या मोठ्या जगात अण्णांना 'तू' म्हणेल असं एकही माणूस त्याला सापडेना. आदर, आदर आणि आदर. चारी बाजूंनी भिंती चढवाव्यात तसा.

मग एक आठवण वर आली. त्याची मुलगी नुकती बोलायला लागली होती. अण्णांच्या पँटला लोंबकळत ती म्हणाली होती, "आजोबा, तू घोडा हो." आणि अण्णा खरंच वाकले होते. एक गुडघा जमिनीला टेकला होता, एक हात फरशीवर होता. तेवढ्यात हा आतून आला आणि त्याने पोरीला झापलं. "आजोबांना तू म्हणतात? तुम्ही म्हणायचं. म्हण, तुम्ही." पोर रडकुंडीला येऊन म्हणाली, तुम्ही. अण्णा काही बोलले नव्हते. उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि आपल्या खोलीत गेले. ती शांतता म्हणजे पसंती, असं त्याने इतकी वर्षं धरलं होतं.

बाकावर शेजारी कुणी नव्हतं, तरी त्याला मान खाली घालावीशी वाटली.

तो मेट्रनकडे गेला.

"अर्ज मागे घ्यायचाय? घ्या की," ती म्हणाली. "पण बाई परत येणार नाही. जागा भरली गेली. आणि खरं सांगू का, तुमचा अर्ज इतका छान होता की मी सगळ्या स्टाफला वाचून दाखवला. नमुना म्हणून. आता एकही आया एकेरीत बोलत नाही, बघितलंत ना? वॉर्ड कसा शांत झालाय."

वॉर्ड शांत झाला होता, हे खरंच होतं.

"तुम्ही त्या दिवशी त्यांना…" तो अडखळला. "तुम्ही स्वतः त्यांना 'तू' म्हणालात."

"कुणाला?"

"आयाबाईंना."

"हो. मग?" मेट्रन म्हणाली. तिला प्रश्न खरोखरच कळला नव्हता. आणि त्या दिवशी तो त्यालाही पडला नव्हता.

धुलाईघर इमारतीच्या मागच्या अंगाला होतं. आत वाफ कोंदली होती. मोठाली पिंपं घरघरत होती आणि दोरीवर चादरी अशा टांगल्या होत्या की त्यांच्यातून वाट काढावी लागली. आयाबाई एका लांब टेबलापाशी उभी होती. तिने त्याला पाहिलं, ओळखलं, आणि हातातल्या चादरीची दोन टोकं पुढे केली.

"आलाच आहात तर धरा साहेब तेवढी ती टोकं. जोडीदारीण चहाला गेलीय. एकटीला घडी पडत नाही."

त्याने टोकं धरली. ती मागे सरकली, चादर ताणली गेली. तिने झटका दिला, त्यालाही द्यावा लागला.

"मी अर्ज मागे घ्यायला गेलो होतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"अण्णा खात नाहीत."

तिचे हात थांबले. "अजिबात?"

"दूधसुद्धा नाही. डॉक्टर नळी घालायची म्हणतायत."

तिने चादर दुमडली आणि आपल्याकडची टोकं घेऊन त्याच्याकडे चालत आली. तिची टोकं त्याच्या टोकांना मिळाली. इतक्या जवळून त्याने तिचा चेहरा प्रथमच पाहिला. घामाने कपाळावर चिकटलेले पांढरे केस होते. एका डोळ्याखाली जुना डाग होता. असली माणसं कशी असतात हे आपल्याला ठाऊक आहे असं धरून तो चालला होता, आणि हा चेहरा कसा आहे हे त्याने बघितलंच नव्हतं.

"मला सगळं कळलं," तो म्हणाला. "अण्णांनी तुम्हाला काय सांगितलं होतं ते. ढब्बूचं पण."

"काय सांगितलं होतं?" तिने त्याच्या हातातली टोकं काढून घेतली. "मला कुणी काही सांगितलं नाही."

"कंडक्टर म्हणाले…"

"त्याचं काय ऐकता? दिवसभर पडून पडून गोष्टी रचतो तो. साहेब माणूस आयेला कशाला असलं काही सांगेल?" ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होती. "माझीच जीभ घाण. घरी पण असंच बोलते. नाव पण मीच ठेवलं, चिडवायला. तुमच्या वडलांकडं काही नाही त्यातलं."

ती खोटं बोलत होती. नोकरीची जागा गेली, मेट्रनसमोर मान खाली घालावी लागली, तरी एका म्हाताऱ्याचं गुपित ती त्याच्याच पोरापासून राखत होती. अण्णांची पायरी जपायला आपण अर्ज लिहिला. ती पायरी खरी जपत होती ही बाई. हेडक्लार्कला तिच्याकडे बघवेना. तो चादरीकडे बघत राहिला.

"तुम्ही भेटायला या ना," तो म्हणाला. "भेटीच्या वेळेत. पाहुण्या म्हणून. मी बरोबर असेन, कुणी अडवणार नाही."

"तुम्ही बरोबर असलात तर ते तोंड उघडत नाहीत, साहेब."

हे तिने रागाने म्हटलं नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हटलं. दुसरी चादर उचलून तिने टोकं त्याच्या हातात दिली.

"आणि माझ्या हातात कागद दिलाय. वॉर्डात पाय ठेवायचा नाही. मोडला तर घरी. मला अजून घरी बसून चालायचं नाही."

"मग मी काय करू? सांगा ना तुम्ही."

"मी काय सांगणार? तुम्ही शिकलेले."

"मला शिव्या तरी द्या," तो एकदम म्हणाला. "त्यांना बोलायचात तशा. काहीतरी बोला मला."

आयाबाई पहिल्यांदाच थोडी हसली. पण ते वॉर्डातलं हसू नव्हतं.

"तुम्हाला कशी बोलणार, साहेब?" ती म्हणाली. "तुम्ही कोण माझे?"

ती पुन्हा चादर घेऊन चालत आली, टोकांना टोकं मिळाली, आणि ती वळली. तिच्या तोंडचं 'तुम्ही' अगदी शुद्ध होतं. त्यात काडीइतकीही खोट काढता आली नसती. त्याने मागून घेतलेलंच ते होतं.

परत वॉर्डाकडे येताना जिन्यात तो थांबला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्याने हळूच म्हणून पाहिलं. "अण्णा, तू खा." जीभ जड झाली. पुन्हा म्हणून पाहिलं. "तोंड उघड, अण्णा." वरून एक नर्स ट्रे घेऊन उतरली, तसा तो खिशात किल्ली शोधायला लागला.

नवी आया वाटी घेऊन निघालीच होती. "साहेब नको म्हणाले," तिने सांगितलं.

"द्या इकडे."

तो खाटेच्या कडेला बसला. आजवर तो नेहमी स्टूलवर बसायचा. अण्णांनी डोळे उघडून पाहिलं. सूप ढवळत त्याने आवाज काढायचा प्रयत्न केला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याकडे तसला आवाजच नाही. आयुष्यात 'तू' तो म्हणत आला होता तो बायकोला, पोरीला आणि कचेरीतल्या शिपायाला; आणि तिघांशीही बोलायचा त्याचा सूर एकच होता.

"अण्णा," तो म्हणाला. "तू… तोंड उघड."

सूर तोच लागला. फाइल आण, दार लाव, तोंड उघड.

शेजारच्या खाटेवरची कंडक्टरची चुळबुळ थांबली.

अण्णा मुलाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी उजळल्यासारखं झालं, निदान हेडक्लार्कला तसं वाटलं. ते शब्द ओळखत होते. शब्दांमागचं माणूस शोधत होते. मग ते उजळलेलं विझलं. त्यांनी तोंड उघडलं.

हेडक्लार्कने चमचा घातला. त्यांनी गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. सांगावं लागलं नाही, लाडीगोडी लागली नाही, हट्ट नाही, हात झटकणं नाही. घास गेला की तोंड उघडत होतं. डोळे मुलाच्या चेहऱ्यावर नव्हते, चमच्यावर होते. जप्तीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर दुकानदार जसा एकेक खण उघडून दाखवतो, तसं चाललं होतं. थांबावं असं हेडक्लार्कला मधेच वाटलं. पण डॉक्टरचं अर्धवट वाक्यही डोक्यात होतं. तो भरवत राहिला. ते खात राहिले.

"अय्या, सगळं संपवलं साहेबांनी!" नवी आया कौतुकाने म्हणाली आणि वाटी घेऊन गेली.

त्याने रुमालाने अण्णांची हनुवटी पुसली. अंगठ्याने पुसावी असं मनात आलं होतं. हात रुमालाकडेच गेला. अण्णांनी पुसू दिली. मग त्यांनी धडधाकट डाव्या हाताने गळ्यातला रुमाल सोडवायचा प्रयत्न केला, तो सुटेना, तेव्हा तसाच राहू दिला. ओढलेल्या तोंडातून एकेक शब्द नीट जुळवत ते म्हणाले,

"तुम्ही… जा आता. तुम्हाला… उशीर होईल."

अण्णा त्याला जन्मापासून 'तू' म्हणत आले होते. घरच्या सगळ्यांना मिळून म्हणत असतील, हेडक्लार्कला वाटलं. बायको आली असेल, पोरीलाही घेऊन आली असेल. त्याने वळून मागे पाहिलं.

मागे पडदा होता. पडद्यापाशी कुणी नव्हतं.